आधी मांडव, मग वेल

दरवर्षी आषाढाच्या सुमारास कोणी ना कोणी वाचक आम्हांस रस्त्यात गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात : 'वेल चांगला हातभर झाला आहे, आता त्याला मांडव कसा घालावा?' विचारणाऱ्याचा उत्साह पाहून उत्तर देणे जिवावर येते, कारण खरे उत्तर एवढेच असते की आता उशीर झाला. हातभर झालेल्या वेलाच्या मुळ्या चौफेर, मातीच्या वरच्या थरात पसरलेल्या असतात. त्यांच्यातून पहार चालवून खड्डे खणावयाचे म्हणजे ज्याला आधार द्यावयाचा त्याचेच पाय तोडावयाचे. शिवाय आमच्या माळव्याची काळी जमीन एकदा भिजली की तिच्यात खांब रोवणे म्हणजे लोण्यात काडी उभी करणे होय. म्हणून या खेपेस आम्ही हा विषय वैशाखातच हाती घेत आहोत. मृग लागण्यास अवधी आहे, जमीन कोरडी आहे, वखारीत सुके बांबू मिळतात आणि घरातील मुलांना सुट्ट्या असल्यामुळे खांबाला धरावयास एक माणूस हुकमी असतो. मांडव घालण्याचा काळ तो हाच.

'वेल मांडवाला जाणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार वंशविस्ताराच्या अर्थाने वापरला जातो. नव्या सुनेला आशीर्वाद देताना आमच्या आजीच्या पिढीतील बायका तो हमखास योजीत. त्या आशीर्वादात मांडव आधीच उभा आहे आणि वेलाने त्यावर जावयाचे आहे, हे बारकाईने पाहिल्यास ध्यानात येईल. परसातही क्रम तोच.

आमच्या घरी या खटाटोपाचे मूळ पडवळात आहे. इंदूरच्या बाजारात दुधी, दोडका, घोसाळी, कारली यांना तोटा नाही. त्यांची नावे मात्र लौकी, तुरई, गिलकी आणि करेला अशी घ्यावी लागतात, आणि आता आमच्या घरातील मुलेही घोसाळ्याला गिलकीच म्हणतात. त्याबद्दल आम्ही पूर्वी रागावत असू; अलीकडे भाजी खाल्ल्याशी कारण, असे म्हणून गप्प बसतो. पडवळाची गोष्ट निराळी. चिचिंडा म्हणून चौकशी केली तरी आमच्या भाजीवाल्याकडे तो वर्षातून दोनतीनदाच दिसतो, आणि नेमक्या ऋषिपंचमीला दिसेल याचा भरवसा नसतो. ऋषीच्या भाजीत तर पडवळ हवेच. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा परंपरेचा दंडक आहे. नांगरटीच्या रानातील भाजी त्याला चालत नाही. अळू, दोडका, भोपळा, पडवळ हे सारे परसातील, हाताने लावलेले असावे लागते. आमच्या मातोश्री १९६६ साली पहिल्या माहेरपणाहून परतताना चिपळूणकडचे पडवळाचे बी पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. ते बी आमच्या परसात रुजले आणि वडिलांना दरवर्षी मांडव घालावा लागला.

पडवळाला मांडवच का, याचा खुलासा येथे केला पाहिजे. शेतकरी लोक वेलभाज्यांना दोन प्रकारे आधार देतात. एक ताटी, म्हणजे कुडासारखी उभी, तारा ओढलेली चौकट. दुसरा मांडव, म्हणजे डोक्यावर आडवे छत. ताटी हा शब्द मुक्ताबाईंच्या अभंगांमुळे आपणा सर्वांच्या कानी आहे. ज्ञानेश्वरांनी लावून घेतलेली ती ताटी दाराची होती, आपली भाजीची. काकडी, कारले, तोंडली, घेवडा यांना ताटी पुरते, आणि अंगण अरुंद असेल तर तीच बरी. तिची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी; म्हणजे सकाळचे ऊन एका अंगाला व दुपारनंतरचे दुसऱ्या अंगाला मिळते. पडवळ मात्र लोंबत वाढणारे फळ आहे. त्याला खाली मोकळी हवा मिळाली तरच ते सरळ होते. ताटीवर ते तारेत अडकते, वाकते आणि अडकल्या जागी कुजते. दुधीचेही बरेचसे तसेच. ज्यांना एकच काहीतरी उभारावयाचे आहे त्यांनी मांडवच उभारावा, असे आमचे मत आहे. उन्हाळ्यात त्याची चौकट कपडे वाळत घालण्यास उपयोगी पडते, हा घरातील मंडळींचे मन वळविण्यासाठी जास्तीचा मुद्दा.

आता वडील गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याची हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढील मापांमागचे कारण कळावयाचे नाही.

ते साल २०११. तोवर आम्ही मांडवाच्या कामी पक्कड देणे आणि दोरी धरणे यापलीकडे हात लावलेला नव्हता. परंतु माणसाने एखादे काम चाळीस वर्षे पाहिले की ते आपणांस येते असे त्याला वाटू लागते. आम्ही वखारीतून दहा फुटी बांबू आणले आणि वडिलांच्या मांडवापेक्षा आपला मांडव ऐसपैस असावा म्हणून तो आठ फूट उंच केला. खड्डे जेमतेम सव्वा फूट झाले; त्याखाली पहार चालेना. निघालेली माती परत लोटून पायाने दाबली. सांधे सुतळीने बांधले. जुलैअखेर मांडव हिरवागार झाला. शेजारी येऊन पाहून गेले आणि आम्ही ते कौतुक खुशाल स्वीकारले. मातोश्रींनी मात्र हात वर करून पाहिला व 'पडवळ काढायला शिडी लावायची का?' एवढेच विचारले.

श्रावणाच्या उत्तरार्धात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्री वारा उठला, आणि सकाळी पाहतो तो मांडव पूर्वेकडे आडवा झालेला. एकही बांबू मोडलेला नव्हता. सहाही खांब जणू ठरवून एका दिशेला कलले होते आणि त्यांच्या ओढीने पडवळाचे सारे वेल बुडख्याशी पिचकले होते. बियांसाठी राखलेले पडवळ हिरवे, अगदी कोवळे होते. आम्ही पावसात उभे राहून बांबू उचलू लागलो, तेव्हा मातोश्री ओसरीवरून म्हणाल्या, 'बी?'

बी नव्हते. उत्साहाच्या भरात बरणीतील झाडून सारे बी आम्ही त्या वर्षी पेरून टाकले होते. पंचेचाळीस वर्षे चालत आलेले ते पडवळ आमच्या हातून संपले. मातोश्रींनी पुढे त्याचा उच्चार केला नाही. ऋषिपंचमीच्या भाजीत त्या वर्षी पडवळाऐवजी तोंडली पडली आणि जेवताना कोणी काही बोलले नाही.

मांडव का पडला, हे आम्हांस एका गवंड्याने समजावून दिले. आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत बांधावयास तो आला होता. त्याने खड्ड्यातील माती बोटांनी चोळली आणि म्हणाला, 'मास्साब, काली मट्टी साँस लेती है.' आम्ही मराठीचे विद्यार्थी. परंतु याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. तीच माती खांबाभोवती भरली की पावसात ती फुगून मऊ होते, उघडीप पडली की खांबापासून सुटते, आणि पुढच्या सरीला त्या फटीत पाणी शिरते. असे चारसहा वेळा झाले की खांब उभा असतो तो केवळ सवयीने. त्यात वेलाचे छत भिजून जड झालेले. दहा दुधी लागले तर दहा किलो केवळ फळांचेच; पाने, वेल आणि पानांवरचे पाणी निराळे. तरीही मांडव पाडतो तो भार नव्हे, वारा. गच्च भरलेला मांडव म्हणजे शिडाचे कापड. भार खाली दाबतो, त्याला बांबू समर्थ असतो. वारा आडवा ढकलतो, आणि तेथे खड्ड्याची परीक्षा होते.

म्हणून खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा खड्ड्यात घालू नये. ती आळ्यांना उपयोगी पडेल. खांबाभोवती मुरूम आणि दगडाच्या कपच्या भराव्यात. मुरूम फुगत नाही आणि पाणी धरून ठेवीत नाही.

खड्डा फूटभर रुंद आणि सव्वादोन फूट खोल हवा. वैशाखात ही जमीन दगडासारखी असते, तेव्हा आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी बादलीभर पाणी ओतून ठेवावे. सकाळी पहार निमूटपणे उतरते. तळाशी तीनचार बोटे दगडाच्या कपच्या घालून त्यांवर खांब उभा करावा, ओळंबा धरावा, आणि चार चार बोटांचा थर देत, पाण्याचा हबका मारीत, धुमसाने ठोकीत मुरूम वर आणावा. धुमस नसेल तर पहारीचा बुडखा चालतो. घाईने एकदम भरून वरून ठोकलेला मुरूम वरच घट्ट होतो, खाली पोकळ राहतो. जमिनीच्या वर खांबाभोवती मुरुमाचा उतरता कट्टा करावा, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाईल. एका खांबाला आम्हांस पाऊण तास लागतो. याहून लवकर झाल्यास काहीतरी राहिले आहे असे समजावे.

बांबू निवडताना भरीव जातीचा, ज्याला मानवेल म्हणतात तो, घ्यावा. पोकळ बांबू दिसावयास जाड, परंतु वजनाला फसवा असतो. थंडीत तोडलेला बांबू अधिक टिकतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्टाचा अंश अधिक राहतो व त्यावर भुंगेरे पडतात; बांबूखाली पिवळसर भुकटी दिसू लागली की तो आतून पोखरला गेला असे जाणावे. विहिरीकाठी हौद असणाऱ्यांनी बांबू महिनाभर पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवावेत. जुनी माणसे तसे करीत आणि त्यात तथ्य आहे. काहीही न करता मातीत रोवलेला बांबू एक ते तीन वर्षांत जातो, आणि तो कुजतो तो तळाशी नव्हे, तर नेमका जमिनीच्या रेषेशी. म्हणून डांबर लावावयाचे ते जमिनीच्या वर वीतभर येईल असे लावावे. मोटारीचे जळके तेल लावण्याचा सल्ला कोणी देतात. जेथून भाजी खावयाची त्या मातीत ते आम्ही घालणार नाही.

सहा खांब पुरेत : दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंच्या मध्यावर दोन. खांबाचा बुडखा खाली आणि शेंडा वर असावा. वरचे टोक कापताना करवत गाठीच्या अगदी वर चालवावी. मधल्या पेरात कापल्यास वर नळकांडे उघडे राहते, त्यात पावसाचे पाणी साचते आणि आपण भाजीबरोबर डासांचीही लागवड करतो. टोकाला आडव्या बांबूच्या जाडीची खाच करून आडवा बांबू तिच्यात बसवावा व मग सोळा गेजच्या तारेने पक्कडीने पीळ देऊन आवळावा. बांबू खाचेत बसला की भार खांबावर जातो. तारेचे काम केवळ त्याला हलू न देण्याचे. खिळा मारू नये, बांबू उभा चिरतो. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्य यांमधून येतो. म्हणून त्या अंगाच्या कोपऱ्यांना तारेचा ताण देऊन तो जमिनीत तिरप्या ठोकलेल्या खुंट्याला बांधावा, आणि समोरच्या पूर्वेकडील कोपऱ्यांना तिरका टेकू द्यावा. वडील हे टेकू दरवर्षी लावीत. पायात येतात म्हणून २०११ साली आम्ही ते गाळले होते.

उंचीचे माप फुटात सांगण्यात अर्थ नाही. घरात भाजी जी व्यक्ती काढते, तिने हात सरळ वर केला असता मनगट आडव्या बांबूला लागले पाहिजे. वडील मातोश्रींना उभे करून खांबावर कोळशाने खूण करीत, आणि ते माप पावणेसहा फुटांच्या आसपास येई. आम्ही खूण केली ती स्वतःच्या हाताची, आणि आमच्या घरात भाजी आम्ही काढीत नाही!

छतासाठी कडेने जाड तार आणि आत काथ्याची दोरी, असा आमचा प्रघात आहे. सुतळी पावसात दोन महिन्यांत कुजते, म्हणजे नेमकी फळे धरण्याच्या सुमारास. मात्र आळ्यापासून छतापर्यंत वेलाला वाट दाखविणारी जी उभी दोरी, ती सुतळीचीच चांगली. तोवर तिचे काम संपलेले असते, आणि हंगामानंतर वाळक्या वेलासकट ती खताच्या खड्ड्यात टाकता येते. नायलॉनची तयार जाळी आता सर्वत्र मिळते व लावावयास सोपी असते, हे कबूल केले पाहिजे. परंतु कार्तिकात वाळलेले वेल तिच्यातून सोडवीत बसणे हे शिक्षेसारखे आहे, आणि एकदा तिच्यात अडकलेली खार आम्ही कात्रीने सोडविली आहे. चौकोन दीड वितीचे ठेवावेत. त्यातून हात सहज वर गेला पाहिजे आणि कोवळे पडवळ सहज खाली आले पाहिजे.

दोरी बारीक का हवी, याचे कारण वेलाच्या चढण्यात आहे. भोपळ्याच्या कुळातील वेल, म्हणजे पडवळ, दोडका, कारले, काकडी, हे ताण्यांनी चढतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांस प्रताने म्हणतात. मनगटाएवढ्या बांबूला ताणा वेढा घालू शकत नाही. तो त्याला चाचपतो आणि सोडून देतो. दोरी अथवा तार सापडली की तिच्याभोवती घट्ट वळतो, आणि मग मधला मोकळा भाग स्प्रिंगसारखा गुंडाळून वेलाला जवळ ओढतो. हा पीळ निरखून पाहावा : अर्धा ताणा एका दिशेने वळलेला असतो आणि मधल्या एका सरळ तुकड्यानंतर उरलेला अर्धा उलट दिशेने. दोन्ही टोके बांधलेली असताना एकाच दिशेने पीळ बसणे शक्य नसते, हे मुलांना दोरीच्या तुकड्याने दाखविता येते.

चार्ल्स डार्विन यांनी या विषयावर १८६५ साली प्रदीर्घ निबंध लिहिला आणि १८७५ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. प्रकृती बरी नसताना खोलीत ठेवलेल्या रोपांचे शेंडे कसे गोल फिरतात, हे ते तासन्‌तास पाहत असत. एका वादळात ते मुद्दाम बाहेर पडले आणि भोपळ्याच्याच कुळातील ब्रायनी नावाचा कुंपणावरील वेल पाहत उभे राहिले. फांद्या हेलकावत होत्या, पण ताणे स्प्रिंगसारखे लांबत आणि आखडत होते. एकही तुटला नाही. आम्ही हे वाचले ते मांडव पडल्यानंतर. त्या सकाळी आमच्या परसातही एकही ताणा तुटलेला नव्हता. वेलांनी मांडव शेवटपर्यंत धरून ठेवला होता, आणि मांडवच त्यांना घेऊन पडला.

घेवड्याला ताणे नसतात. तो स्वतःच दोरीभोवती वळत चढतो, आणि वरून पाहिल्यास नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आमच्या शाळेतील काही मुलांनी एकदा त्याला सोडवून उलट्या दिशेने गुंडाळले. दुसऱ्या दिवशी शेंडा सुटून पुन्हा आपल्या दिशेला लागला होता. मुलांनी तो प्रयोग तीनदा केला. चौथ्यांदा आम्ही वेलाची बाजू घेतली. अशा वेलाला उभी दोरी वा काठी हवी, छत नको.

आळी खांबापासून दीड फूट दूर करावीत, कारण खांबाशी आता मुरूम आहे. बी रात्रभर भिजवावे, कारल्याचे टणक असते म्हणून अधिक वेळ. मांडवापर्यंत पोहोचेतो बाजूचे फुटवे खुडून एकच वेल वर न्यावा. छतावर हातभर पसरला की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात आणि मादी फुले बहुतेक त्या फांद्यांवरच येतात. वेल दोरीला बांधताना एक वेढा दोरीला, मध्ये पीळ आणि दुसरा सैल वेढा वेलाला, असे बांधावे. आवळून बांधलेला वेल जाड झाला की दोरी त्याला कापते.

'फुले गळतात, फळ धरत नाही' अशी तक्रार पुष्कळांची असते. पहिली फुले नरफुले असतात, ती गळावयाचीच. ज्या फुलामागे बारीकसे फळ दिसते ते मादीफूल. तेही गळू लागले तर परागण होत नाही असे समजावे आणि स्वतः करावे; पण वेळ पाहून. कारले, काकडी, घोसाळी यांची पिवळी फुले सकाळी उमलतात. दुधी आणि पडवळ यांची पांढरी फुले, तसेच दोडक्याची पिवळी, संध्याकाळी उमलतात. त्यांचे पाहुणे रात्रीचे पतंग. दिवेलागणीला मांडवाखाली जावे, नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे साराव्यात आणि परागकोश मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. पडवळाच्या फुलाच्या कडेला झालरीसारखे पांढरे तंतू असतात. ते उलगडताना पाहावयास मिळाले तर उशीर झाल्याचे वाईट वाटत नाही.

फळमाशीचा उपद्रव श्रावणात वाढतो. त्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी करून कोवळ्या फळाला बांधणे हा उपाय घरच्या मांडवाला पुरेसा आहे. पडवळाच्या टोकाला सुपारीएवढा खडा दोऱ्याने बांधावा, म्हणजे ते सरळ वाढते. छतावर आडवे पडलेले कोवळे फळ रोज संध्याकाळी चौकोनातून खाली सोडावे. आणि दुधी चिरल्यावर एक फोड चाखून पाहावी. कडू लागला तर तो संपूर्ण टाकून द्यावा. कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत. शिजवून कडवटपणा मारण्याच्या भरीस पडू नये.

ज्यांना अंगण नाही, गच्चीच काय ती आहे, त्यांच्यासाठी जुन्या लोखंडी खाटेची चौकट हा उत्तम आधार आहे. दोन मोठ्या कुंड्यांमागे ती कठड्याला तिरपी टेकवावी, वर-खाली तारेने कठड्याला पक्की आवळावी आणि निवारीच्या जागी काथ्या ओढावा. गच्चीवर वारा अधिक असतो, तेव्हा दुधीचा मोह टाळून कारली व तोंडली यांवर समाधान मानावे.

बियांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पुढील संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मातोश्रींनी आल्यागेल्या प्रत्येकीला विचारले. शेवटी देवासच्या एका बाईंकडून निरोप आला. त्यांना आम्ही सर्वजण आक्का म्हणतो. वीसएक वर्षांपूर्वी मातोश्रींनीच त्यांना मूठभर बी दिले होते आणि त्या विसरून गेल्या होत्या. आक्कांच्या घरी मांडव नव्हता. जिन्याच्या कठड्यावरून पडवळ माडीपर्यंत जात असे आणि फळे जिन्याच्या पोकळीत लोंबत. त्यांनी अकरा बिया पाठविल्या. सात उगवल्या. तेव्हापासून दुसऱ्या-तिसऱ्या धरणीचे एक चांगले फळ वेलावरच नारिंगी-तांबडे होईतो राखतो, फुटण्याच्या आधी उतरवितो, तांबड्या गरातून बी सोडवून राखेत चोळून सावलीत वाळवितो. निम्मे पेरावयाचे, निम्मे बरणीत, आणि दोन घरी चिमूटभर पोहोचते करावयाचे. यंदा एक पुडी ग्वाल्हेरला गेली आहे.

मातोश्री आता ऐंशीच्या घरात आहेत. यंदा खूण करण्यासाठी त्यांना खांबापाशी उभे केले, तेव्हा उजवा हात खांद्याच्या फारसा वर जाईना. म्हणून ओसरीच्या बाजूचे तीन खांब आम्ही दीड वीत कापून घेतले आहेत. त्यामुळे मांडवाला उतार आला आहे, त्याने काही बिघडत नाही. सौभाग्यवतींच्या मापाने उरलेले तीन खांब तसेच ठेवले आहेत. पाच खांब रोवून झाले. नैर्ऋत्येच्या सहाव्यासाठी मुरूम कमी पडला. तो रविवारी यावयाचा आहे.